घसरलेला पट्टा

निलंग्याहून चाकणला आलेला ज्योतीराम सहा वर्षं गाड्यांच्या सीटचे बोल्ट आवळत होता. उजवा हात कोपरापर्यंत ठणकायचा, पण तो अवाक्षर काढत नसे. दुखतं म्हणणाऱ्याला ठेकेदार घरी बसवायचा.

एके दिवशी वेगवेगळ्या कंपन्यांत मोजमाप करत फिरणारी वर्षाली नावाची इंजिनिअर लाइनवर आली. तिनं त्याच्या उजव्या हाताला वायरी जोडलेल्या चकत्या चिकटवल्या. लॅपटॉपवर एक लाल पट्टा सरकू लागला.

"स्नायू किती वेगानं थरथरतो, ते क्षणाक्षणाला दिसतं. हात ताजा असला की पट्टा वर, थकला की खाली."

"म्हंजे दुखनं दिसतंय ह्यात?"

"थकवा दिसतो, दादा. अंग चोरू नका. तुमच्याच भल्याचं आहे."

ज्योतीराम हरखला. शेजारच्या गणराजलाही चकत्या लावल्या होत्या; पट्टा घसरू नये म्हणून तो गुपचूप डावा हात वापरत होता. ज्योतीरामनं मात्र जीव तोडून बोल्ट आवळले. चौथ्या तासाला पट्टा घसरला, तो चहाच्या सुट्टीतही वर आला नाही.

पंधरवड्यानं कंपनीच्या मॅनेजरनं, निरंजन साहेबांनी, सगळ्यांना जमवलं. "रिपोर्ट सांगतो, या कामावर माणूस चारच तास चालतो. उद्यापासून अर्धी शिफ्ट, अर्धा पगार. हाताला आराम मिळेल, मजा करा."

अर्ध्या पगारात भागेना. ज्योतीरामनं दुपारी रस्त्यापलीकडच्या कंपनीत काम धरलं. तिथंही बोल्टच. हातानं आता भाकरी मोडवेना. बायको मोडून द्यायची.

महिन्याभरानं वर्षाली तिथंही मोजायला आली. पहिल्याच मिनिटाला पट्टा तळाला गेला.

"दादा, सकाळी तिकडे काम करून येता?"

"हळू बोला, ताई. पट्टा जरा वर दाखवता येत न्हाई का?"

"आकडे कसे बदलू मी?"

"मशीन बिघडलं म्हना. एवढ्या बारीला."

मागे इथला सुपरवायझर ऐकत उभा होता. वर्षालीनं नव्या चकत्या लावून पुन्हा मोजलं. पट्टा तिथंच.

"हे येतानाच थकून येतात," ती खाली बघत म्हणाली.

सुपरवायझरनं तिथूनच निरंजन साहेबांना फोन लावला. बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. "दोन ठिकाणी राबतोस व्हय रे? इथलं पण बंद, तिथलं पण बंद. कार्ड दे."

ज्योतीरामला खिशातून कार्ड निघेना. बोटं मिटतच नव्हती. सुपरवायझरनंच हात घालून ते ओढून काढलं. वर्षालीनं चिकटा पुसायला स्पिरिटचा बोळा पुढे केला, तोही त्याच्या हातून खाली पडला. तो उचलायला ती वाकली नाही. पुढचा माणूस बाही वर करून उभा होता.