सातवं राज्य

ते साल होतं १७८६. तेरा राज्यं इंग्रजांशी लढाई जिंकून स्वतंत्र झाली त्याला तीन वर्षं झाली, तरी सरोवरावरचा किल्ला इंग्रजांनी सोडला नव्हता. आणि त्यांना न विचारता कातडी विकत घेतली म्हणून केझायाचा नवरा, एसा, त्याच किल्ल्यात डांबलेला होता. बर्फ फुटलं की त्याला जहाजात घालून इंग्रजांच्या मुलखात, क्विबेकला नेणार होते. आपल्या काँग्रेसचं, म्हणजे राज्यांच्या सभेचं, एक पत्र मिळालं की सुटेल, या आशेवर केझाया घसरगाडीतून न्यूयॉर्कला आली.

पण काँग्रेस भरेचना! तेरांपैकी सात राज्यं तरी हजर लागत, आणि प्रत्येकाची दोन माणसं. रोज सहाच भरत. सातव्याचा एकजण येऊन बसे. त्याचे दुसरे प्रतिनिधी, टलसाहेब, मुक्कामाच्या खाणावळीत पायाचा अंगठा सुजवून पडलेले.

तीन आठवडे गेले. वारं फिरलं, वळचणीचं बर्फ ठिबकू लागलं. केझाया तडक टलसाहेबांच्या खोलीत शिरली.

"उठा."

"बाई, पांघरुणाचा भार सोसवत नाही मला!"

"एसाच्या पायात बेडी आहे. अदलाबदल करता?"

"जीभ आहे की करवत!"

"करवतच. पाय कापू, की खुर्चीतून येता?"

तिने आणि तबेलेवाल्याने त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. सचिवाने मोजलं: सात! ठराव झाला, कागदावर मोहोर उठली. केझायाने तो दारातच वाचला. 'न्यूयॉर्क राज्याने सवडीने किल्लेदाराकडे चौकशी करावी, अशी शिफारस.'

"हुकूम कुठाय?"

टलसाहेबांनी मान खाली घातली. "हुकूम सोडायचा अधिकारच नाही आम्हाला, बाई. विनवायचं तेवढं हाती."

"मग तीन आठवडे मी कुणाच्या दारात बसले होते?"

तरीही तोच कागद घेऊन ती किल्ल्यावर गेली. किल्लेदाराने तो वाचून परत दिला. "तुमच्यात धनी कोण, ते आधी ठरवा. मग या."

बाहेर सरोवराचं बर्फ तोफेसारखं फुटलं.

एसाला नेलं ते नेलंच. दोन वर्षांनी तो पायी घरी आला, पुढचे दात गमावून. काँग्रेसला हुकमाचा अधिकार देणारी नवी राज्यघटना आली, तेव्हा टलसाहेब काठी टेकत गावोगाव तिच्या बाजूने बोलले. प्रत्येक भाषणात करवतीची गोष्ट असायचीच. किल्ला हाती आला तो त्या ठरावानंतर दहा वर्षांनी. केझायाने तो कागद मरेपर्यंत जपला. कुणी मागितला तर म्हणायची, "वाच, पण मनात. एसा झोपलाय."