ओढणीची जळकी किनार

घाटंजीच्या पलीकडे, तांड्यामागे मोहाची राई होती आणि त्या राईत धनीबाईंचा शब्द चाले. नवे मराठी राज्य होऊन अजून वर्ष सरले नव्हते. पण राज्य बदलले तरी राईचा कायदा त्यांनी बदलू दिला नव्हता. रात्री गळालेली फुले सकाळी झाडणीने पाला सारून वेचायची. पाला जाळायचा नाही. अस्वलाच्या वाटेवरच्या झाडाखाली ऊन चढेपर्यंत पाऊल टाकायचे नाही. इतर तांडे पाला पेटवून जमीन मोकळी करीत. मागच्या साली अशीच एक आग सागाच्या जंगलात शिरली, तेव्हा जंगलाची राखण करणाऱ्या नाकेदाराने सर्वांना बजावले, ज्यांच्या राईत धूर दिसेल त्यांची वेचणी बंद. धनीबाईंना त्याची भीती वाटली नाही. सून जमनी नवी आहे, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते.

जमनी दिग्रसकडची; सासूला ती 'याडी', म्हणजे आई, म्हणे. तिच्या माहेरी पाला जाळीतच. सासू येण्याआधी जागा साफ करून शाबासकी मिळवावी, म्हणून त्या सकाळी तिने काडी ओढली.

धनीबाई टोपली घेऊन पोचल्या, तेव्हा जाळ तेंदूच्या झुडपांकडे निघाला होता. त्यांनी डोक्यावरची ओढणी ओढून काढली. आरशांनी, कवड्यांनी जडवलेली, आईच्या हातची. लग्नकार्यातही जिला धूळ लागू दिली नाही, त्याच ओढणीने त्या आग झोडपू लागल्या. जमनी पळसाची डहाळी घेऊन धावली. चटईएवढी जागा जळाली, तेवढ्यावरच जाळ विझला.

"काहून पेटोली?"

"तुमाले सोपं जावं म्हून, याडी. आमच्या माहेरी..."

"तुह्या माहेरी सारंच सोपं करतात. सैपाकही."

इतक्यात पायाजवळचा पाला उडाला. तो पाला नव्हता, रातवा पक्षी होता. थोडा पुढे जाऊन तो पंख मोडल्यागत जमिनीवर फडफडू लागला. जमनी उचलायला निघाली, तोच धनीबाईंनी तिचे मनगट धरले.

"थे ढोंग हाये. आपल्याले दूर नेऊन राह्यला. इकडं खाली पाह्य."

राखेपासून वीतभर अंतरावर, उघड्या पाल्यावर, पाल्याच्याच रंगाची दोन अंडी होती.

"थो घरटं बांधत नाही. आपल्या राईतला पालाच त्याचं घर. म्हून आपल्या तांड्यात पाला जाळत नाही."

धूर पाहून नाकेदार सायकल ढकलत आला. "धनीबाई, तुमच्या राईत धूर? कोणी पेटवली?"

धनीबाई स्वतःचे नाव सांगणार, त्याआधीच जमनी पुढे झाली. "म्या पेटोली. याडीनं विझोली. बंद कराची असन तं माही वेचणी बंद करा, तांड्याची नोका करू."

नाकेदाराने काळी पडलेली ओढणी पाहिली. "एवढी भारी ओढणी जाळली, बाई?"

"ओढणी मी पुन्हा शिवन. राई कोण शिवन?"

त्याने राखेजवळची अंडी वाकून पाहिली आणि सायकल मागे वळवली. "यंदा राहू देतो. पण पुन्हा धूर निघाला तर जाब कोणाला विचारू?"

धनीबाईंनी आपली झाडणी जमनीच्या हाती दिली. "हिले. आजपासून राई हिच्याकडं."

पुढच्या आठवडी बाजाराला धनीबाई तीच ओढणी डोक्यावर घेऊन जमनीसह घाटंजीला गेल्या, जळकी किनार मुद्दाम समोर ठेवून.

"हे काय झालं वो?" ओळखीच्या सोनीबाईने विचारले.

"सुनेचं भरतकाम," धनीबाई ताठ मानेने म्हणाल्या आणि मिठाची पुडी जमनीला धरायला दिली.