आडवी दांडी

आसमुंडने तिसरी काडी ओढली आणि बर्चच्या सालीला लावली. साल तडतडत पेटली, ढलप्यांनी ज्योत उचलून धरली, आणि मग रोजच्यासारखाच धूर नळीची वाट सोडून शेगडीच्या दाराच्या फटीतून खोलीत उतरला. एखाद्या जुन्या भाडेकरूसारखा, कुणाचीही परवानगी न घेता, तो छताशी जाऊन पसरला.

"खिडकी," आई म्हणाली.

तो आधीच खिडकीकडे निघाला होता. बाहेर नोव्हेंबरची दुपार संपत आली होती. खाली ट्रोन्हाइम शहराचे दिवे लागू लागले होते. थंड वारा आत आला तशी आईने, योरुनने, गुडघ्यांवरची शाल वर ओढली, पण विणकामाच्या सुया थांबू दिल्या नाहीत.

बिडाची ही शेगडी दरीतल्या तिच्याच स्वयंपाकघरातली. वडील गेले, दरीतलं शेत विकलं, आणि आसमुंडने आईला आपल्या घरी यायची गळ घातली. दरीतल्या वृद्धाश्रमातही तिच्यासाठी एक खोली राखून ठेवली होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "माझी शेगडी तुझ्याकडे नीट पेटली, तर राहीन," एवढंच म्हणाली होती. त्याने ती नळीसकट उचलून आणली, भिंतीपासूनचं अंतर मोजून बसवली, तिच्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी दोरी नवी घातली. पालिकेचा माणूस धुराडं तपासून गेला. दोष सापडला नाही. तरी धूर काही हटेना. दरीतली खोली आता फार दिवस रिकामी ठेवणार नव्हते.

शेजारचा तोरमूद बूट झटकत आत आला आणि नाक मुरडून म्हणाला, "मासे वाळवताय की काय?"

"बस," आसमुंड म्हणाला.

"वरून पेटवतोस ना? खालून पेटवायचे दिवस गेले."

"वरूनच पेटवतो."

"मग लाकूड ओलं असणार."

"दोन उन्हाळे वाळलंय."

"मग शेगडीच म्हातारी झाली. काय योरुन, खरं ना?"

"तिला नावं ठेवू नकोस," योरुन म्हणाली. "तुझ्या तोंडातून तर न पेटवताच धूर निघतो."

तोरमूद पोट धरून हसला. आसमुंड हसला नाही. तो शेगडीभोवती फिरत राहिला, उगाच चिमटा उचलत, उगाच खाली ठेवत. नळीवरच्या झडपेची दांडी त्याने पुन्हा एकदा चाचपली. ती उभी होती, नळीच्या ओळीत. उभी म्हणजे वाट मोकळी, आडवी म्हणजे बंद. हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. आग विझत आली की तो ती आडवी करून झोपायला जाई, आणि सकाळी आत एकही निखारा उरलेला नसे. नुसती पांढरी, हलकी राख.

संध्याकाळी हाल्डिसचा फोन येई. ही आईची बालमैत्रीण गेल्या वर्षापासून त्याच आश्रमात राहत होती. फोन आला की आई स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेई, आणि दाराआडून दरीतल्या बोलीतलं तिचं हसू ऐकू येई. ते हसू ऐकलं की आसमुंडला एका जागी बसवत नसे. तो जिना चढे, उतरे, लाकडांची रास पुन्हा रचायला बाहेर जाई. इथे ती तशी हसली नव्हती. शेगडी पेटली की हसेल, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

शनिवारी आई तोरमूदबरोबर लोकर आणायला गेली. आसमुंडने नळी सोडवली, अंगणात नेली आणि आतली काजळी पुन्हा एकदा ब्रशने खरवडली. मग नळी डोळ्याला लावून आभाळाकडे धरली. दांडी उभी होती, आणि आत काळोख होता. कडेने उजेडाची एक बारीक रेघ तेवढी होती. त्याने दांडी आडवी केली. काळ्या नळीच्या टोकाला वाटोळं, राखाडी आभाळ उगवलं.

तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. दांडी उभी, आभाळ गेलं. आडवी, आभाळ आलं. तो शिकायला शहरात आल्यानंतर कधीतरी वडिलांनी झडपेचा पत्रा बदलला असणार, आणि उलटा बसवला असणार. वडिलांना चूक कबूल करायची सवय नव्हती. पत्र्याऐवजी त्यांनी घराची सवय बदलली असेल. त्या घरात रोज सकाळी शेगडी पेटवणारे हात आईचे होते.

त्याने बोटांवरची काजळी बर्फाने पुसली. मग नळी आत नेऊन होती तशीच बसवली.

आई आली तेव्हा त्याने तिच्यासमोर साल पेटवली आणि दांडीला हात घातला. मागे सुया थांबल्या. त्याने दांडी उभी केली. धूर आला.

"या धुराड्याशी तिचं जमत नाही, आई," तो खिडकी उघडत म्हणाला. पाठ तिच्याकडेच ठेवली.

"नाही जमत."

"हाल्डिसच्या शेजारची खोली अजून रिकामी असेल?"

"आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, असेल."

रविवारी त्याने तिला दरीत नेलं. खोली लहान होती. खिडकीतून तिचा ओळखीचा डोंगर दिसत होता. त्याने बॅग पलंगाशी ठेवली. बाहेरून हाल्डिसचा आवाज आला, "आलीस का गं? वाफल गार होताहेत! पोरालाही आण, वाळलाय नुसता!"

"आले, आले," आई ओरडली. तो निघाला तसं तिने त्याच्या कोटाचं बटण धरलं. ते लावलेलंच होतं. तिने ते सोडवलं आणि पुन्हा लावलं.

"ती दांडी," ती म्हणाली. "आडवी ठेवत जा."

"हो."

तिने मान वर केली. तो बटणाकडे पाहत होता.

"कधी कळलं तुला?"

"काल. नळी साफ करताना."

"आणि तरी उभी केलीस."

त्याने मान हलवली.

"तुझ्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना रे," ती हळूच म्हणाली. मग त्याच्या कानामागे राहिलेली काजळी तिने अंगठ्याने पुसली आणि अंगठा स्वतःच्या नव्या पडद्याला लावता लावता थांबली. "जा आता. पुलावर बर्फ असेल, सावकाश चालव. वाफल बांधून घे, नाहीतर हाल्डिस मला ऐकवत बसेल."

घरी पोचला तेव्हा उजेड सरत आला होता. कोट न काढताच तो शेगडीपुढे बसला. ढलप्या रचल्या, वर साल ठेवली, दांडी आडवी केली आणि उठून आधी खिडकी उघडली. मग काडी ओढली.

ज्योत एका श्वासात वर खेचली गेली. नळीतून घुमणारा आवाज आला. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या भिंतीपलीकडून ऐकू येई, तोच. बीड कुरकुरत तापू लागलं. खोलीत धुराचा मागमूस नव्हता.

खिडकी लावायला तो उठला नाही.