ठराव: पडदा परत आणावा

रायपूरच्या तात्यापारा मराठी इतिहास मंडळाच्या वार्षिक सभेत दर वर्षी एक ठराव एकमताने मंजूर होई: शेजारच्या बीरगांवला असलेला आपला नाटकाचा पडदा परत आणावा. ठराव मंजूर झाला की चहा येई. चहाबरोबर कधी साबुदाणा वडा, कधी समोसा. पडदा मात्र आला नाही, कारण तो आणायला कधी कुणी गेलंच नाही. ठराव करणं हे मंडळाचं काम होतं. आणणं कुणाचं काम, हे मंडळाच्या घटनेत लिहायचं राहून गेलं होतं.

सुनीती सचिव झाली आणि ही चांगली घडी बिघडली. तिचा जन्म वीज मंडळाच्या कचेरीत गेला होता. तक्रार आली की माणूस पाठवायचा, एवढंच तिला येत होतं. त्यात मंडळाची खोली जायची वेळ आली. दुकानावरची ती खोली पाडून तिथं कॉम्प्लेक्स होणार होतं आणि दिवाळीपर्यंत सामान हलवायचं होतं. सामान म्हणजे शंभर वर्षांच्या मराठी नाटकवेडाचा गाळ: लाकडी गदा, जरीच्या पगड्या, ज्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही असा आरसा आणि एक पेटी, जिच्यातल्या सगळ्या दाढ्या कसरीनं खाल्ल्या होत्या.

“मम्मी, ये सब रखोगी कहाँ?” तिची मुलगी श्रावणी विचारायची. “घर में तो मेरी गाडी रखने की जगह नहीं है.”

“संग्रहालयात ठेवीन.”

“और उन्होंने नहीं लिया तो?”

नाही घेतलं तर पुढचा माणूस कबाडीवाला होता, आणि तो गल्लीतून रोज सकाळी ओरडत जात असे.

खारून लोकसंग्रहालय हे एका ट्रस्टचं छोटं संग्रहालय. तिथले साहू साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी तिला मागचं रिकामं दालन दाखवलं. उंच छत, कोरड्या भिंती, वर लोखंडी तुळई. सुनीतीनं मनात गदा मांडूनही टाकल्या.

“लेकिन मैडम, एक संस्था को नहीं देते,” साहू म्हणाले. “ट्रस्ट का नियम है. दो मिलके आओ.”

नियमाला कारण होतं. पूर्वी हे दालन एका संस्थेला दिलं होतं. तिनं तिथं इतिहास म्हणून आपल्याच पदाधिकाऱ्यांचे सत्कार घेतानाचे फोटो लावले. पुढं एका भाविक पाहुण्यानं त्या सगळ्यांना हार घातले. पदाधिकारी जिवंत होते. प्रकरण फार वाढलं.

“बीरगांव वाले भी आए थे,” साहू म्हणाले. “आप ही लोगों की बोली है. उनके पास एक बड़ा परदा है. उनको भी यही बोला हूँ. नहीं जमा तो दिवाली में यहाँ सेल्फी पॉइंट बनेगा. फायबर का वनभैंसा तैयार है, गोदाम में खड़ा है.”

“फायबरचा रानरेडा?”

“हव. आँख में लाइट जलती है.”

मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वरकाका ऐंशी पार केलेले. त्यांची मराठी इतकी शुद्ध होती की रायपूरमध्ये ती फक्त त्यांनाच कळे. रागावले की मात्र ते हिंदीत जात.

“काका, मी बीरगांवले जाऊन राहिली,” सुनीतीनं सांगितलं.

“उत्तम. पडदा घेऊन ये.”

“मागाले नाही, विचाराले जाऊन राहिली. दोघं मिळून दालन घेऊ म्हणून.”

“ठराव झालेला आहे, सुनीती. विचारायचं काय त्यात?”

ती गेली.

पाऊस सरला होता. बीरगांवच्या विहारासमोरच्या मैदानात दोन उंच बांबूंमध्ये पडदा उन्हाला टांगला होता. चार-पाच बायका खाली कडुनिंबाचा पाला पसरत होत्या. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी पडद्याला ऊन द्यायचं, समारंभाला तो मंचामागं लावायचा आणि मग बांबूवर गुंडाळून, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या नव्या मांजरपाटात बांधून ठेवायचा, असा तिथला रिवाज होता. त्याचा ठराव कुणी केला नव्हता, त्यामुळे तो दर वर्षी होत असे.

तिथल्या स्मृती समितीच्या अध्यक्ष दीपमालाताई मेश्राम. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून सेवेत असलेला.

“या या, तात्यापारा,” त्या म्हणाल्या. “घ्यायले आल्या का पाहायले?”

“पाहायले.”

“मंग बसा. घ्यायले आल्या असत्या तर उभंच ठेवलं असतं.”

सुनीती बसली नाही. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. पडद्यावर रंगवलेला हा राजवाडा तिनं फक्त मंडळाच्या काळ्यापांढऱ्या फोटोंत पाहिला होता. त्याचे खांब गुलाबी आहेत हे तिला आत्ता कळत होतं. डावीकडं खाली संगमरवरी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांवर मोर. मोराची मान शाबूत होती. पिसारा मात्र ओघळून पायऱ्यांवरून खाली गेला होता, हिरवा-निळा चिखल होऊन.

“इथं पाऊस लागला वाटते,” ती म्हणाली. मंडळात हेच सांगत. पडदा नेला, पावसात भिजवला आणि मग तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून ठेवून घेतला.

“लागला ना,” दीपमालाताई म्हणाल्या. “पण तो पाऊस तुमच्या तात्यापाऱ्यात पडला. तांब्यातून.”

पाला पसरणाऱ्या बायकांपैकी एक फिसकन हसली.

मग दीपमालाताईंनी सांगितलं. त्यांचे सासरे हिरालाल रेल्वेत डब्यांवर आकडे रंगवायचे. जयंतीच्या जलशासाठी इथल्या रेल्वे कॉलनीच्या लोकांनी तात्यापाऱ्याहून पडदा मागून आणला होता. तेव्हाचे अध्यक्ष भले माणूस, त्यांनी दिला. जलसा झाला. दुसऱ्या सकाळी हिरालाल सायकल-रिक्षात पडदा घालून परत द्यायला गेले. दारात कुणी म्हणालं, आत आणू नका, ओसरीवर उलगडा. उलगडला. आणि एका तरुण पोट्ट्यानं शुद्ध करायला त्याच्यावर पाणी शिंपडलं.

“आता तो रंग कसला, तर सरसात कालवलेला,” दीपमालाताई म्हणाल्या. “पाणी लागलं की गेला. सगळे पाह्यतच राहिले. आपल्याच मोराले आपणच आंघोळ घातली! मामाजी काही बोलले नाही. पडदा गुंडाळला, रिक्षात ठेवला, अन् वापस आले.”

“मग?”

“मग काय? इकडून या.”

सुनीती पडद्याच्या मागच्या बाजूला गेली. तिथं बोधिवृक्ष होता, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती, बसलेली, उभी, खांद्यावर पोरं घेतलेली. रंग जाड होता, आणि तपकिरी तर थेट मालगाडीचा.

“रेल्वेचा रंग आहे,” दीपमालाताई म्हणाल्या. “मामाजी म्हणायचे, आता शिंपडा म्हणावं काय शिंपडायचं ते.”

सुनीतीनं रंगाला हात लावला नाही. लावावासा वाटला. ती म्हणाली, “ताई, दालन मिळून घेऊ. नाही तर तिथं रानरेडा बसते.”

“मले काही अडचण नाही. दोन गोष्टी. पडदा भितीले लावायचा नाही, मधात टांगायचा. दोन्हीकडून दिसला पाहिजे. अन् तो डाग तसाच राहील, अन् खाली लिहायचं कशानं पडला.”

“लिहू.”

“तुमचे लोक मानतील?”

“मनवते,” सुनीती म्हणाली. तिच्या नोकरीत अर्ध्या तक्रारी अशाच मिटल्या होत्या. आधी शब्द द्यायचा, मग खांबावर चढायचं.

यज्ञेश्वरकाकांनी सगळं ऐकून घेतलं. पडदा मधोमध टांगायला त्यांची हरकत नव्हती. मागच्या बाजूच्या वृक्षालाही नव्हती. वारसा व्यापक असतो, असं ते म्हणाले. डागाशी मात्र ते अडले.

“गणपती रंगवणारा एक चांगला कारागीर आहे. एका दुपारी मोर नवा करून देईल. नवा मोर, मग संयुक्त प्रस्ताव. माझी सही तेव्हाच.”

“साहू साहेब जुन्या रंगाले हात लावू देत नाहीत, काका.”

“मग खाली लिहा, काळाच्या ओघात झीज झाली.”

“झीज नाही झाली. कुणीतरी पाणी शिंपडलं. कोण होता तो?”

काकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

“त्या काळी पद्धत होती तशी,” ते म्हणाले.

“पद्धतीले हात नसतात, काका.”

“मैं साइन नहीं करूँगा,” काका म्हणाले. म्हणजे ते रागावले होते.

त्या रात्री सुनीतीनं मंडळाची घटना वाचली. अध्यक्षाची सही सभेच्या ठरावाला बांधील होती. आणि सभा कशाला बांधील असते हे तिला घटना न वाचताही ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी तिनं चहावाल्याला जिन्यावरच थांबवलं. मी हाक मारेपर्यंत वर यायचं नाही. चहाला आलं भरपूर घातलं होतं. वास वर येत होता आणि सभासदांची नजर एकसारखी दाराकडे जात होती.

“नेहमीचा ठराव घ्या आणि आटपा,” कुणीतरी म्हणालं.

“नेहमीचा ठराव मागं घेतला आहे,” सुनीती म्हणाली. “नवा आहे. बीरगांवच्या समितीबरोबर मिळून दालन घ्यायचं. पडदा मधोमध. डाग तसाच, अन् खाली खरं कारण.”

“मंजूर!” मागून दोघं-तिघं म्हणाले. समोसे बहुधा गरम होते.

“थांबा,” यज्ञेश्वरकाका उठले. “आपण संग्रहालयात पूर्वजांची शोभा मांडायला जातो आहोत. त्यांची धुणी नव्हे. उद्या शाळेची मुलं येतील, ती वाचतील की तात्यापाऱ्याच्या लोकांनी...”

पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. आता चहाचा वाससुद्धा कुणाला आठवत नव्हता. सुनीतीला दिसत होतं की इथं सभा मागं सरली तर दालन गेलं, पडदा गेला आणि गदा उद्या सकाळच्या कबाडीवाल्याच्या गाडीत. तिनं दीपमालाताईंना फोन लावला आणि टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“ताई, सभा चालू आहे. आमचे अध्यक्ष म्हणतात, अशानं माणसाची बदनामी होते.”

फोनमध्ये कुकरची शिटी वाजली. मग दीपमालाताईंचा आवाज आला. “आमाले कोणाचं नाव नाही लिहायचं, बाई. म्हाताऱ्या माणसाचं नाव टांगून आम्ही काय करू? फक्त पाऊस पडला असं लिहू नका. लिहा, तांब्यानं पाणी शिंपडलं. बस.”

यज्ञेश्वरकाका अजून उभेच होते. या माणसानं आयुष्यभर लोकांच्या तारखा दुरुस्त केल्या होत्या. भोसल्यांचा सुभेदार कुठल्या वर्षी आला यावरून त्यांनी सख्ख्या व्याह्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांचा जबडा हलत होता.

“तांब्या नव्हता,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणजे?” सुनीतीनं विचारलं.

“लोटी होती. पितळेची, देवघरातली. इतिहासात चुकीचं जाऊ नये.” ते खाली बसले. “माझ्या हातात होती. आहे अजून घरी.”

फोनमध्ये गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग दीपमालाताई म्हणाल्या, “मंग ती पण आणा.”

सुनीतीनं हात वर केला. एकेक करत बाकीचे वर आले. काकांचा हात सगळ्यांत शेवटी आला, पण पूर्ण आला. मग तिनं चहावाल्याला हाक मारली. चहा गार झाला होता. कुणी तक्रार केली नाही.

दिवाळीच्या आधी दालनाच्या तुळईला दोर बांधले. एकीकडून तात्यापारा ओढत होता, दुसरीकडून बीरगांव, आणि मधे साहू साहेब “धीरे, धीरे, भैया” करत होते. पडदा वर गेला. रानरेडा पार्किंगमध्ये हलवला होता. तिथं त्याचे डोळे दुपारीसुद्धा जळत.

डागाच्या खाली काचेच्या पेटीत लोटी ठेवली होती. शेजारी मराठी, हिंदी आणि छत्तीसगढीत दोन ओळी: पडदा परत आला तेव्हा तो शुद्ध करण्यासाठी या लोटीनं पाणी शिंपडलं. त्यानंतर पडद्याच्या मागच्या बाजूला हिरालाल मेश्राम यांनी बोधिवृक्ष रंगवला.

दीपमालाताई वाकून पाहत राहिल्या. “एवढीशी?” त्या म्हणाल्या. “घरी आमी घागरीएवढी समजून राहिलो होतो.”

यज्ञेश्वरकाका काठी टेकत पडद्याच्या मागच्या बाजूला गेले. तिथून बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा साहूंना म्हणाले की हिरालाल यांच्या नावाआधी ‘चित्रकार’ लिहायचं राहिलं आहे, आणि ते आजच दुरुस्त व्हावं.

पुढच्या वार्षिक सभेत सुनीतीनं ठराव मांडला: पावसाळ्यानंतर पडदा खाली उतरवून त्याला ऊन द्यायला मंडळानं बीरगांवच्या बायकांबरोबर जावं. तिनं स्पष्ट केलं की जो हात वर करेल, त्यानं त्या दिवशी सकाळी कडुनिंबाचा पाला घेऊन यायचं.

हात या वेळी सावकाश वर आले. ती एकेक नाव लिहून घेत गेली, आणि सगळे लिहून होईपर्यंत तिनं चहा मागवला नाही.