सात दिवसांचं वर्ष

यतीनला भिंतीवरचं वाचायची खोड होती. जपानीची परीक्षा पास झाल्यापासून ती वाढलीच होती. पाटी दिसली की वाच, चिठ्ठी दिसली की वाच. आणि वाचून गप्प बसेल तर तो यतीन कसला!

दोन हजार सहाच्या डिसेंबरातला रविवार होता. जपानातल्या ग्योतोकु स्टेशनच्या मागच्या गल्लीत ओनुकी-सान त्याला आणि त्याचा सहकारी चंद्रशेखरला जेवायला घेऊन आले होते. दुकान चिनी नूडल्सचं, पण चीनशी त्याचा संबंध नावापुरताच उरलेला. रंग उडालेलं लाल काउंटर, फिरती स्टुलं, तेलकट धुराने पिवळी पडलेली पदार्थांची नावं. आत सत्तरीचे आजोबा कढई हलवायचे, बाहेर आजी वाढायच्या. ओनुकी-सान नोकरीला लागल्यापासून इथेच रामेन खात होते आणि चव तीच आहे हे दर खेपेला शपथेवर सांगत होते.

ओनुकी-सान विमा कंपनीकडून या प्रोजेक्टचे प्रमुख. यतीनने लिहिलेला सगळा कोड तेच तपासत. आता दीड वाजता त्यांनी मुख्य कचेरीला फोन करून "सोडा" म्हणायचं आणि दोन वाजता नवी सिस्टिम सुरू व्हायची, एवढंच उरलं होतं. ते सुरळीत झालं तर शुक्रवारी यतीनचं काँट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढणार होतं. बायको उल्का पुण्यातली नोकरी सोडून, मुलगी आर्याची शाळा मोडून ऑक्टोबरातच आली होती. रिन्यूअल झालं नाही, तर कोणत्या तोंडाने तिला बॅगा भरायला सांगायचं?

"आज कामाचं बोलायचं नाही," ओनुकी-सान हातरुमाल कॉलरीत खोचत म्हणाले. "खायचं."

चंद्रशेखर शाकाहारी. त्याने "मांस नको" असं तीनदा बजावून फ्राइड राइस मागवला होता आणि आता त्यातले हॅमचे तुकडे मुकाट्याने वेचत होता. हॅमला इथे कोणी मांस म्हणत नाही, हे चार वर्षांत त्याच्या पचनी पडलं नव्हतं.

यतीनची नजर तेवढ्यात गल्ल्यामागच्या चौकटीवर गेली. बाळाच्या बारशाचा कागद होता. नाव चिहारु. खाली जन्मतारीख: शोवा चौसष्ट, पाच जानेवारी.

जपानी माणसाचं वर्ष सम्राटावर चालतं. नवा सम्राट आला की मोजणी पुन्हा एकपासून. शोवा संपून हेइसेइ सुरू झालं ते एकोणीसशे एकोणनव्वद साली, हे यतीनला पाठ होतं. तारखा बदलणारा कोड त्यानेच तर लिहिला होता.

"आजी, तारीख चुकलीय," तो ऐटीत म्हणाला. "ते हेइसेइ एक हवं ना?"

आजी खळखळून हसल्या. "माझी नात शोवाचीच हो! सम्राट सात जानेवारीला गेले. आठपासून हेइसेइ. चौसष्टावं वर्ष सातच दिवसांचं. सगळ्या वर्गात ही एकटी चौसष्टची, भारी मिरवते. पुढच्या महिन्यात अठराची होईल."

ओनुकी-सानही हसले. यतीनही हसला, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्या कोडमध्ये एकोणनव्वदचा पहिला दिवस हेइसेइचाच होता.

नवी सिस्टिम होती मुलांच्या विम्याची. जानेवारीत अठरा पूर्ण होणाऱ्यांना शिक्षणाचे पैसे देण्याची पत्रं आज रात्री छापून उद्या टपालात पडणार होती. त्या सात दिवसांत जन्मलेल्या सगळ्या मुलांच्या पत्रावर अशी जन्मतारीख येणार होती, जी जपानात कधी उगवलीच नव्हती. जन्माच्या दाखल्याशी कागद जुळणार नाही, शाखेतला माणूस मान हलवणार, आणि ऐन कॉलेजप्रवेशाच्या वेळी पोरं हेलपाटे घालणार. भिंतीवरचं घड्याळ एक वाजून आठ मिनिटं दाखवत होतं.

"शेखर," तो मराठीत म्हणाला, "कोड चुकलाय. ते सात दिवस मी धरलेलेच नाहीत."

चंद्रशेखरच्या हातातला चमचा थांबला. मग तो तोंडभर हसला. "हसत बोल. तो बघतोय. टेस्टिंगमध्ये नाही सापडलं?"

"त्या आठवड्यातला एकही जन्म टेस्टमध्ये नव्हता."

"मग अळीमिळी गुपचिळी. सात दिवसांची पोरं असून असून असणार किती? तक्रार आली की पॅच टाकू."

"पत्रं उद्या जातायत शेखर."

"आणि तुझं रिन्यूअल शुक्रवारी आहे. आत्ता तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न, कोणी लिहिलं? झाकली मूठ सव्वा लाखाची, यतीन. उल्काला काय सांगणारेस, दुकानातला कागद वाचला म्हणून परत चाललो?"

समोर ओनुकी-सान सुर्र करून नूडल्स ओढत होते. "चविष्ट?" त्यांनी विचारलं. "फार," म्हणत दोघांनी माना डोलावल्या. यतीनला स्वतःची किळस आली. भीतीही तेवढीच वाटत होती, आणि त्यातली कुठली मोठी हे त्याला ठरवता येईना. शेखरचं खोटं नव्हतं. कोणाला कळलं असतं? वाडग्यातल्या नूडल्स फुगत चालल्या होत्या आणि मिनिटकाटा सरकत होता.

एक चोवीसला ओनुकी-सानांनी रुमालाने तोंड पुसलं आणि खिशातून फोन काढला. "थोडा लवकरच करतो. ते वाट बघत असतील."

चंद्रशेखरने टेबलाखाली यतीनच्या गुडघ्यावर हात दाबला, तरी यतीन बोललाच. "ओनुकी-सान, फोन करू नका. माझी चूक झालीय. आजींची नात आपल्या सिस्टिममध्ये जन्मलेलीच नाही."

त्याने सांगितलं. जपानी अडखळलं, क्रियापदं चुकली, पण सगळं सांगितलं. चंद्रशेखर हॅमच्या ढिगाकडे बघत राहिला. मग ओनुकी-सान उठले, कोट न घालताच बाहेर गेले आणि त्यांनी फोन लावला.

काचेच्या दारातून ते दिसत होते. गल्लीत, थंडीत, फोन कानाला लावून ते कमरेत वाकत होते. पुन्हा वाकत होते. दार नीट लागलं नव्हतं. "माझी तपासणी कमी पडली," एवढं यतीनला स्पष्ट ऐकू आलं. त्याचं नाव कुठेच आलं नाही. तो उठून बाहेर जायला निघाला, तर ओनुकी-सानांनी न वळताच तळहात उभा धरला. यतीन खाली बसला.

"वाचलास," चंद्रशेखर हळूच म्हणाला. यतीनला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

ओनुकी-सान आत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "रिलीज थांबवलं. तुम्ही दोघं ऑफिसात जा, दुरुस्त करा. पाच वाजता हिरानुमा-सान येतील, आजपासून ते प्रमुख. त्यांना सगळं नीट समजावून सांगा."

"आणि तुम्ही?"

"मला दुसरीकडे पाठवतील. कुठे, ते उद्या कळेल."

"पण चूक माझी आहे!" यतीनचा आवाज चढला. आजी वळून बघायला लागल्या. "मी सांगतो त्यांना. आत्ता फोन लावून द्या."

"चूक तुमचीच आहे," ओनुकी-सान म्हणाले. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "पण मी जपानी आहे. ते सात दिवस मी जगलोय. सम्राट गेले त्या दिवशी टीव्हीवर गाणी नव्हती, जाहिराती नव्हत्या, आणि याच टेबलाशी बसून मी नूडल्स खाल्ल्या होत्या. तुम्ही परके, तुम्हाला कसं ठाऊक असणार? मला ठाऊक होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं."

यतीनला माफी मागायची होती, पण परीक्षेत शिकलेली सगळी वाक्यं पोकळ वाटली.

ओनुकी-सानांनी चॉपस्टिक्स उचलल्या आणि फुगून गार झालेल्या नूडल्स खायला घेतल्या. दोन घास झाल्यावर त्यांना काहीतरी आठवलं.

"तुमच्या रिन्यूअलची शिफारस आज सकाळीच मुख्य कचेरीला गेली. सही माझी आहे. सकाळी मी प्रमुख होतो, त्यामुळे ती चालेल. घरी सांगा."

मग ते पुन्हा वाडग्यावर वाकले. आजींनी येऊन तिघांच्या पेल्यांत पाणी ओतलं.