नव्या फोनला दिवा नव्हता

कौसल्या मेश्रामला विसाव्या वर्षी तापानंतर ऐकू येईनासं झालं. बोलता यायचं, समोरच्याचे ओठही ती वाचायची. बेसा भागात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांना सवय झाली होती. तिच्याशी बोलायचं तर तिच्याकडे तोंड करून बोलायचं.

सात वर्षं वापरलेल्या तिच्या फोनला वरच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा होता. मुलीचा, भावनाचा मेसेज आला की हिरवा, दुसऱ्या कुणाचा आला की निळा. मेसेज उघडेपर्यंत तो लुकलुकत राहायचा. फोन मशीनजवळ ठेवून कौसल्या निवांत शिवत बसायची.

उन्हाळ्यात त्या फोनची बॅटरी फुगली. काटोलहून जावई धम्मदीप आला आणि चांगला महागाचा नवा फोन देऊन गेला. त्याला दिवाच नव्हता. कौसल्या सीताबर्डीच्या बाजारात चार दुकानं फिरली.

"काकू, आता तसे फोन येतच नाहीत," शेवटच्या दुकानदारानं सांगितलं. "हे पाहा, मागचा फ्लॅश लावून देतो. फोन आला का चमकते."

फ्लॅश चमकायचा खरा, पण असा की अंगावर ब्लाऊज घालून पाहणारी बाई दचकायची. आणि चमकून झालं की संपलं. कोणाचा आला, कधी आला, काही कळायचं नाही. फोनच्या थरथरीचा उपयोग नव्हता, कारण मशीन चालू असली की सगळं टेबलच थरथरायचं. मग दर दोन मिनिटांनी हात थांबवायचा, फोन उचलायचा, पाहायचं, ठेवायचा. भावनाला नववा महिना लागल्यापासून तर दोन मिनिटंही निघेनात. एका बाईच्या दोन्ही बाह्या तिनं उलट्या जोडल्या.

त्या मंगळवारी सकाळी भावनाचा मेसेज आला, 'आई, कंबर दुखून राहिली. काही झालं तर कळवतो.'

दुपारी एक मायलेक लग्नाचे सहा ब्लाऊज घेऊन आल्या. मापं घेताना फोन कापडाखाली गेला हे कौसल्यानं पाहिलंच नाही. त्या गेल्यावर तिनं फोन शोधून काढला. धम्मदीपचे चुकलेले व्हिडिओ कॉल आणि तीन मेसेज होते. पहिला पन्नास मिनिटांपूर्वीचा, 'भावनाले दवाखान्यात आणलं.' शेवटचा, 'आई, फोन पाहा.'

तिनं शटर ओढलं. ऑटोनं बसस्टँड गाठलं आणि काटोलच्या गाडीत चढली. फोन तळहातात घट्ट धरला. पण गाडी सुरू होताच तिच्या लक्षात आलं की सीट, खिडकी, तिचा स्वतःचा हात, सगळंच थरथरतंय. फोन आला तरी कळणार नव्हतं. तिची नजर पडद्यावरून हटेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी तिनं पापणी लववली नाही.

शेजारी रिकाम्या टोपल्या घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं कौसल्याच्या दंडाला हात लावला.

"काहून वं बाई, कोणाच्या फोनची वाट पाहून राहिली?"

"पोरगी दवाखान्यात आहे. मले ऐकू येत नाही."

म्हातारीनं फोन तिच्या हातातून काढून स्वतःच्या कानाजवळ धरला. "मी यमुताई. काटोललेच उतरतो. वाजला का सांगतो तुले. तू जरा मागं टेक."

कौसल्या मागं टेकली, पण तिला चैन पडेना. आता ती फोनऐवजी यमुताईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. यमुताईनं सबंध रस्ता फोन खाली घेतला नाही. हात दुखला की दुसऱ्या कानाला लावायची. काटोल दिसायला लागलं तेव्हा तिनं एकदम कौसल्याला हलवलं. कौसल्यानं व्हिडिओ कॉल उचलला. पडद्यावर धम्मदीपचा चेहरा होता, ओठ हलत होते. "ऑपरेशन" एवढंच कौसल्याला वाचता आलं आणि चित्र गोठलं.

दवाखान्याच्या जिन्यावरच धम्मदीप भेटला. बाळाचे ठोके कमी झाले होते म्हणून भावनाला आत नेलं होतं.

"तुम्हाले किती फोन केले, आई!"

"दिसलं नाही रे मले," ती म्हणाली.

बंद दारासमोर ती येरझाऱ्या घालत राहिली. आतून काही आवाज येत असेल तर धम्मदीपच्या चेहऱ्यावर उमटेल म्हणून दर फेरीला त्याच्याकडे पाहायची. तो मान खाली घालून बसला होता.

दार उघडलं. नर्स बाहेर आली आणि तोंडावरच्या मास्कआडून काहीतरी बोलली. धम्मदीप मटकन भिंतीशी बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कौसल्या त्याच्यापुढे वाकली.

"काय झालं? सांग ना गा! काय म्हणाली ते?"

त्याला बोलवेना, खांदे हलत होते. कौसल्यानं नर्सचा हात धरला.

"सिस्टर, मले ऐकू येत नाही. ते मास्क काढा. काढा ना वं, बाई!"

नर्सनं मास्क हनुवटीखाली ओढला. तिच्या ओठांवर हसू होतं.

"मुलगी झाली," ती सावकाश म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत."

कौसल्या तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.