काळ्या टोकाची टाचणी

नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून शिंपीमास्तरांनी लेकीला निम्म्या किमतीत टॅब्लेट आणला. त्याला कीबोर्ड चुंबकानं चिकटायचा. लावला की लॅपटॉप, काढला की नुसती पाटी.

"ही तर काढघालीची कॉलर झाली की गं!" मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसले. लेकही हसली. तिची आई गेल्यापासून त्या घरात हसू पाहुण्यासारखंच यायचं.

घरबसल्या करायच्या नोकरीची टायपिंगची परीक्षा सोमवारी होती. ऑनलाइन, आणि संधी एकदाच. पोरगी महिनाभर टकटक करत होती. आपलाही हातभार लागावा म्हणून रविवारी मास्तरांनी टॅब्लेट आणि कीबोर्ड बेतायच्या टेबलावर घेतले, मापं काढली आणि उरलेल्या निळ्या कापडाचं झकास कव्हर शिवलं. काम संपलं की टाचण्या मोजायच्या, ही त्यांची चाळीस वर्षांची शिस्त. त्या दिवशी कौतुकाच्या भरात ती राहून गेली.

सोमवारी मास्तरांनी गिऱ्हाइकं दारातूनच परत पाठवली. तासाभरानं पोरगी खोलीतून बाहेर आली.

"कसा गेला पेपर?"

"बरा गेला, बाबा."

आठ दिवसांनी कळलं, निवड झाली नाही. मग मास्तरांच्या लक्षात आलं, की कीबोर्ड कपाटावर पडलाय आणि पोरगी काचेवरच एकेका बोटानं लिहितेय.

"बिघडला तो. परीक्षेच्या सुरुवातीलाच," ती म्हणाली. "स्वस्तातलाच होता ना."

मास्तरांचं डोकं फिरलं. दुकानदाराला फैलावर घ्यायला ते चपला घालून निघालेच. तिनं हात धरला. "राहू द्या, बाबा. माझीच बोटं संथ पडली."

धुसफुसत ते मशीनवर बसले. टाचण्या खोचायच्या उशीतली एक टाचणी ओढली, तर तिचं टोक जळून काळं पडलेलं. शिलाई मशीनवर टाचणी वाकते, मोडते, जळत नाही. त्यांनी उठून कपाटावरचा कीबोर्ड काढला. चुंबकाच्या खाचेत, जिथे तो टॅब्लेटला चिकटून वीज घ्यायचा, तिथे टाचणीएवढाच करपलेला डाग होता.

चुंबकानं ओढून घेतलेली ती टाचणी तिला परीक्षेच्या वेळीच सापडली होती. तिनं ती गुपचूप उशीत परत खोचली होती.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, आणि पोटच्या पोरीचंच नशीब आपल्या हातानं उसवलं.

"बाळा..." त्यांनी हाक मारली.

"काय, बाबा?"

त्यांनी टाचणी मुठीत झाकली. "काही नाही. ते... कव्हर नीट बसतंय ना?"

"अगदी मापात, बाबा," आतून ती म्हणाली.